बहलोलखानाचं शिरस्त्राण : फायबरच्या एका किटचं प्रकरण

बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि चित्ररथांची मिरवणूक साधारण दोन दिवसांनी निघते. संध्याकाळी बाहेर पडलेले रथ दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी रस्त्यावर असतात. ट्रॉलीवर जिवंत देखावा उभा करणारी पोरं रात्रभर तोच प्रसंग चौकाचौकात करून दाखवतात. दिवसभर तापलेला रस्ता, अंगावर जड कपडे, डोळ्यांवर एलईडीचे झोत, मध्येच वळीव, आणि ट्रॅक्टरनं ब्रेक दाबला की बसणारा हिसका. मिरवणुकीत डोक्यावर जे घालायचं ते एवढं सगळं सोसणारं हवं. पुढचं प्रकरण वाचताना ही रात्र ध्यानात असू द्यावी, कारण आम्ही घेतलेला जवळजवळ प्रत्येक निर्णय तिच्याकडे बघून घेतला.

शहापुरातल्या एका मंडळानं नेसरीचा प्रसंग निवडला होता. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर सहा जणांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती खिंड गडहिंग्लज तालुक्यात आहे, आम्हा बेळगावकरांना घरच्यासारखी. आदल्या वर्षी उमराणीला कोंडीत सापडलेल्या या आदिलशाही सरदाराला प्रतापरावांनी जाऊ दिलं होतं आणि त्याबद्दल महाराजांचे कठोर शब्द ऐकून घेतले होते. देखाव्यात हे दोन्ही प्रसंग यायचे होते, म्हणजे बहलोलखान बराच वेळ लोकांसमोर उभा राहणार. मराठ्यांच्या बाजूला पागोटी पुरली असती, ती घराघरांतून मिळाली. खानाला मात्र पोलादी टोप हवा होता: नाकावर उतरणारी पट्टी, माथ्यावर कळस, दोन बाजूंना तुऱ्याच्या नळ्या आणि मानेवर कड्यांची जाळी. मंडळानं परगावच्या एका विक्रेत्याकडून फायबरचं किट मागवलं आणि पोरं ते घेऊन माझ्याकडे आली. मी उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, करतो. रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) आणि मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) हे माझं रोजचं काम आहे.

एकानं विचारलं, "काका, शत्रूच्या टोपावर एवढी मेहनत कशाला? पुठ्ठ्याचा केला तरी चालतंय की."

मला हे पटलं नाही आणि मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. समोरची फौज पुठ्ठ्याची दिसली तर सात जण कशावर चालून गेले ते लोकांना कसं कळायचं? खानाचं पोलाद खरं वाटलं पाहिजे, तरच त्या सात पागोट्यांचं मोल दिसतं.

पेटीत काय निघालं

घुमटाचे उभे दोन अर्धे भाग, कपाळपट्टी, नाकपट्टी, दोन नळ्या आणि एक भरीव कळस. जाळी नव्हती. माहितीचा कागद होता, त्यावर फक्त चित्र होतं. बाहेरच्या बाजूला करड्या रंगाचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा गुळगुळीत थर, आतून मॅटचे उघडे धागे. कडांना साच्यातून बाहेर आलेली पातळ झालर तशीच होती. जेलकोटमध्ये टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं होती, म्हणजे साच्यात पहिला थर देताना हवा अडकलेली. इतकं कच्च्या किटमध्ये असतंच, त्याचं काही वाटलं नाही.

दोन अर्धे एकमेकांना लावून बघितले तेव्हा खरी अडचण दिसली. माथ्याकडे जोड नीट बसत होता, पण खाली कानाजवळ एक बाजू बोटभर आत ओढलेली होती. पोरांचं म्हणणं, दाबून चिकटवू आणि फट लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरून काढू. गॅरेजमध्ये गाडीच्या पत्र्यावरची खोक अशी भरतात, म्हणून ते त्यांना सुचलं. पण दाबून धरलेला फायबर कायम परत फिरायला बघतो. असा टोप ऊन आणि हिसके खाऊन मध्यरात्रीपर्यंत त्याच रेषेवर उलला असता. लांबी फट झाकते. ताण धरून ठेवायची ताकद तिच्यात नसते.

आधी धुणं

त्याच्याही आधी एक गोष्ट करायची होती. साच्यातून नग सुटा व्हावा म्हणून साच्याला मेण चोळतात, बऱ्याचदा त्यावर पीव्हीए नावाच्या द्रवाचा पातळ थरही देतात. त्यातलं थोडं नगावर येतं. पोरांनी कपाळपट्टी घरीच कोरड्या पॉलिश पेपरनं घासायला घेतली होती. मेण तसंच असताना घासलं की ते ओरखड्यांत जाऊन बसतं, मग पुसून निघत नाही, आणि रंग मारताना तिथेच माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात.

पीव्हीए पाण्यात विरघळतं, म्हणून सगळे नग आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि घासणीनं धुतले. वाळल्यावर थिनरचं फडकं एकाच दिशेनं फिरवलं आणि दर पुसण्याला फडक्याची नवी घडी पुढे घेतली. तेच फडकं गोल गोल फिरवलं तर मेण निघत नाही, ते नुसतं पसरतं. मग नगावर पाणी शिंपडलं. पाणी गोळा होऊन घरंगळलं तर मेण शिल्लक आहे, सपाट पसरलं तर नग तयार. कपाळपट्टीला हे पुन्हा पुन्हा करावं लागलं. बाकीचे नग पटकन सुटले.

वाकडा अर्धा सरळ करणं

या प्रकरणात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त काही असेल तर ते इथे आहे. वाकडेपणाचं कारण कळल्याशिवाय उपाय ठरवता येत नव्हता. व्हर्निअर लावून जाडी बघितली. चांगला अर्धा सगळीकडे साधारण ३ मिलिमीटर होता. वाकडा अर्धा माथ्याला पातळ आणि कानाकडे जाड, आणि त्या जाड भागात मॅट कमी, नुसतं रेझिन साचलेलं. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं. जिथे धाग्यांचा आधार कमी तिथे जास्त आकसतं आणि नग त्या बाजूला ओढला जातो. मग ॲसिटोन लावलेलं फडकं आतल्या बाजूला चोळून बघितलं, तर पृष्ठभाग किंचित चिकट झाला. याचा अर्थ रेझिन अजून पूर्ण पिकलेलं, म्हणजे आतपर्यंत घट्ट झालेलं, नव्हतं. नग साच्यातून घाईनं काढला आणि मग उन्हाळ्यात पेटीत बंद होऊन प्रवासाला निघाला. उन्हात तापलेल्या पेटीत तो आणखी वाकला असणार.

वाईट बातमीतच उपाय होता. पिकलेलं पॉलिएस्टर वितळत नाही, पण साधं रेझिन ६०-७० अंशांच्या पुढे मऊ पडतं, अर्धवट पिकलेलं असेल तर आणखी लवकर. तेव्हा ज्या उष्णतेनं तो वाकला तिनंच तो सरळही होईल, फक्त त्या वेळी त्याला योग्य आकारात धरून ठेवलं पाहिजे.

चांगल्या अर्ध्याच्या कडेची रेघ प्लायवर मारून घेतली, उलटी फिरवून पूर्ण कडं आखलं आणि ते कापलं. आमच्या धंद्यात असं काही कापणं म्हणजे चहा होईपर्यंतचं काम. बंबातलं कडकडीत पाणी मोठ्या घमेल्यात ओतून वाकडा अर्धा त्यात बुडवला. बोटांनी दाबल्यावर कड लवायला लागली तसा तो बाहेर काढला, लगेच चांगल्या अर्ध्यासह प्लायच्या कड्यावर बसवला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बाहेरून गुंडाळल्या. दोरीनं एका जागी कच पडते. ट्यूब सगळीकडून सारखी दाबते. वरून गार पाणी ओतलं.

एवढ्यावर सोडलं असतं तर पुढच्या उन्हात तो परत फिरला असता. म्हणून तो बांधलेला घुमट तसाच वर्कशॉपच्या पत्र्यावर चैत्राच्या उन्हात ठेवला, चांगला तापू दिला, रात्री आत घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला. पिकायचं राहिलेलं रेझिन असं उष्णतेत पुरं पिकतं, आणि ज्या आकारात धरलेलं असेल तोच आकार पक्का होतो. पट्ट्या सोडल्यावर कानाजवळची फट नखभर उरली होती. ॲसिटोनचं फडकं फिरवलं, चिकटपणा गेलेला.

पोरं ऊन पडलेलं असताना दर तासाला येऊन बघत होती. एवढ्या उन्हात ठेवायचं हे त्यांना उलटंच वाटत होतं, आणि तसं वाटणं बरोबरही आहे. मोकळा ठेवलेला कच्चा नग उन्हात वाकतोच.

जोड

जोडाची ताकद आतून येते. दोन्ही अर्ध्यांच्या आतल्या कडा दोन बोटं रुंद ८० नंबरच्या पेपरनं खरवडल्या, पाणी मारत. फायबरची कोरडी धूळ अंगाला खाजवते, डोळ्यांत आणि छातीत जाते, म्हणून ओलं घासणं, पूर्ण बाह्या, तोंडाला धुळीचा मास्क आणि डोळ्यांना चष्मा. काम अंगणात, जेवणाच्या जागेपासून लांब. हात गार पाण्यानं धुवावेत.

कडा बाहेरून चिकटपट्टीनं जुळवून धरल्या आणि आत मॅटच्या पट्ट्यांचे दोन थर रेझिनमध्ये बसवले. मॅट आपल्या वजनाच्या दुपटीहून थोडं जास्त रेझिन पिते. त्याहून जास्त ओतलं तर वजन वाढतं आणि मगाशी सांगितलेलं आकसणं पुन्हा सुरू होतं. ब्रशनं पुसायचं नाही, टोकानं ठोकत जायचं, म्हणजे पांढरे हवेचे ठिपके निघून मॅट पारदर्शक दिसू लागते. उन्हाळ्यात १०० ग्रॅम रेझिनला साधारण १ मिलिलिटर हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) पुरतो, थंडीत दुप्पट लागतो. एका वेळी थोडंच कालवावं. पेल्यात जास्त राहिलं तर ते स्वतःच तापतं आणि धूर सोडतं.

मी पोरांना कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं रसायन, हातात दिलं नाही. कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन आणलं. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट पडले तर स्फोट होऊ शकतो, आणि हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. या दोन गोष्टी मी त्यांच्याकडून म्हणवून घेतल्या. गल्लीगल्लीत आता पोरं फायबरचं काम शिकताहेत, आनंद आहे, पण बाटल्यांवरची नावं न वाचता शिकताहेत याची मला खरंच काळजी वाटते.

बाहेरच्या बाजूला जोडरेषेवर उथळ खाच मारली आणि ती कापलेल्या धाग्यांच्या रेझिननं भरली. लांबी त्यानंतर, पातळ थरांत, ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासलेली. सपाट झालं की नाही ते बोटांना कळत नाही. काळ्या रंगाचा एक हलका फवारा मारून पुन्हा घासलं की खड्ड्यांत काळं राहतं आणि उंचवट्यांवरून निघून जातं. टाचणीची छिद्रंही याच वेळी दिसली आणि भरली.

डोक्यावर

खानाचं काम करणारा पोरगा सडपातळ आहे, आणि घुमट त्याला दोन बोटं मोठा होत होता. आत योगा मॅटच्या फोमचे उभे तुकडे लावले, मधे मोकळी जागा सोडून, म्हणजे हवा खेळते आणि घाम साचत नाही. सलग अस्तर लावलं असतं तर तासाभरात पोरगा गुदमरला असता. हनुवटीखाली कापडी पट्टा आणि सुटं बक्कल. भरीव कळसामुळे टोप सारखा पुढे झुकत होता. तो आतून ड्रिलनं पोकळ केला आणि टोक गोल केलं, कारण ट्रॉलीवर शेजारी उभ्या असलेल्या पोरांचे डोळे साधारण त्याच उंचीवर येतात.

नाकपट्टीबद्दल माझा आग्रह होता. खऱ्या टोपात ती चापातून वरखाली सरकते आणि स्क्रूनं आवळतात. किटमध्ये ती पक्की चिकटवायची होती. हिसका बसून पोरगा पुढे पडला तर पक्की पट्टी चेहऱ्यात घुसेल. आम्ही ती दोन लोहचुंबकांवर बसवली. धक्का बसला की सुटून पडते, उचलून परत लावता येते.

याच सुमारास पोरांच्या डोक्यात दुचाकी फेरीत हा टोप घालून जायचं आलं. मी साफ नाही म्हटलं. गाडीच्या हेल्मेटमध्ये आत दबून धक्का गिळणारं थर्माकोलचं जाड अस्तर असतं, त्याची चाचणी आयएस ४१५१ या मानकाप्रमाणे होते. आमच्या टोपात नुसतं कवच आहे. डोकं आपटलं तर ते फुटून त्याचेच तुकडे लागतील. पोरांनी ऐकलं, फेरीत हेल्मेट घालून गेली.

जाळी एका पोराच्या आजीनं केली. जाड सुती दोऱ्याची क्रोशाची वीण सैल घातली, ती काळ्या रंगात बुडवली, वाळल्यावर कोरड्या ब्रशनं वरवर ॲल्युमिनियमचा रंग ओढला. लोखंडी कड्यांची जाळी घातली असती तर वजनानं मान गेली असती. आजींनी टाके मोजून काठ असा वळवला की तो खांद्यावर बरोबर बसला. कौतुक लिहायचं झालं तर सगळ्यात आधी त्यांचं लिहायला हवं.

रंग

पोलादाचा रंग कोणता, यावर बराच खल झाला. बाजारातला क्रोमचा स्प्रे आरशासारखा दिसतो आणि एलईडीच्या झोतात तो प्लॅस्टिकचा वाटतो. आम्ही करवंट्या घासून त्यांवर वेगवेगळी मिश्रणं मारली: नुसतं चंदेरी, काळ्यावर चंदेरी, चंदेरीत थोडं काळं, त्यात थेंबभर तपकिरी. रात्री गल्लीत झोत लावून त्या रस्त्यापलीकडून बघितल्या. घुमटाच्या गोलाईवर रंग कसा वागतो ते सपाट पत्र्यावर कळत नाही, करवंटीवर कळतं. सगळ्यांनी एकमतानं शेवटचं मिश्रण निवडलं. जवळून ते मळकट दिसत होतं, लांबून पोलाद.

एपॉक्सी प्रायमर आणि चंदेरी रंग गॅरेजमधल्या पेंटरमामांनी गननं मारला. त्यांनी टू-के पीयू, म्हणजे हार्डनर कालवून मारायचा पॉलियुरेथेन रंग, सुचवला होता, टिकायला तो उत्तमच. पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट साध्या मास्कनं अडत नाहीत आणि दम्यासारखा त्रास कायमचा मागे लावू शकतात. आजूबाजूला पोरं असताना ते नको म्हणून एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरवर थांबलो. कपाळपट्टीवर कोफ्तगरीची नक्षी हवी होती. कोफ्तगरीत पोलादावर सोन्याची तार ठोकून बसवतात, नक्षी पृष्ठभागाच्या बरोबरीनं सपाट राहते. म्हणून मेंदीच्या कोनानं उठावाची वेल काढायचा बेत सोडला आणि ब्रशनं सपाट सोनेरी वेल काढली, रेघ ३ मिलिमीटरच्या खाली न जाता. त्याहून नाजूक रेघ दहा पावलांवर नाहीशी होते. मग पाण्यात कालवलेला काळा ॲक्रिलिक सगळीकडे लावून लगेच पुसला. खाचांत तो राहिला आणि टोप एकदम जुना दिसायला लागला.

शेवटचं मॅट लॅकर मारलं त्या संध्याकाळी वळीव कोसळला. थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लॅकर दुधासारखं पांढरं होतं. तसंच झालं. पोरांचे चेहरे उतरले. पेंटरमामा म्हणाले, "घासायला घेऊ नका रे, उद्या दुपारपर्यंत हात लावू नका." दुसऱ्या दिवशी कोरड्या उन्हात त्यांनी रिटार्डर, म्हणजे सुकणं मंदावणारं द्रावण, मिसळलेल्या थिनरचा एक हलका फवारा मारला. लॅकर पुन्हा ओलं झालं, अडकलेलं पाणी सुटलं आणि पांढरेपणा उतरला. फवारा हलका असल्यानं खालचा काळा थर हलला नाही.

मिरवणुकीनंतरची तपासणी

टोप दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आला. जोडरेषेवर केसाएवढीही चीर नव्हती. रंग कुठे सुटला नव्हता, मेण घासलं गेलेल्या कपाळपट्टीवरही नाही. नाकपट्टी रात्रीतून एकदा पडली होती, तिच्या कडेचा टवका उडाला. फोम घामानं भिजलेला होता, तो काढून धुतला. पुढच्या वेळी तो वेल्क्रोवर बसवायला हवा.

एक नळी मात्र मुळाशी तडकली. ट्रॉलीच्या दांडीवर ती आपटली होती. नळी फक्त चिकटवलेली होती, आणि लांब तरफेचा सगळा जोर त्या छोट्या जागेवर येतो. आता घुमटाला आतून मॅटचा एक जाड चकतीसारखा तुकडा देऊन त्यातून ४ मिलिमीटरचा बोल्ट घेतो आहोत, आणि नळीच्या वरच्या अर्ध्या भागाला रबरी पाइप, म्हणजे लागलं तर ती वाकेल. दुसऱ्या नळीलाही तेच करायचं ठरलं आहे, ती तडकलेली नसली तरी.

टोप मंडळाच्या खोलीत माळ्यावर पत्र्याखाली ठेवायचा नाही, असं पोरांना सांगितलं आहे. तो मडक्यावर बसवून खालच्या कपाटात राहील, कापडाच्या पिशवीत, आणि प्लायचं कडंही त्याच्याबरोबरच.